बादलीतला सम्राट

जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. बहुतेक लोक तिथे फुलांपुढे उभं राहून फोटो काढतात आणि शहाण्यासारखे घरी जातात. मी येताना खुरपं आणि कोकोपीटची वीट घेऊन आलो. बायकोने दार उघडलं, विटेकडे पाहिलं आणि म्हणाली, "आधी गॅलरीतली सायकल हलवा." ती सायकल अशाच एका जुन्या उत्साहाची निशाणी. हल्ली तिच्यावर टॉवेल वाळतात.

उन्हाळी दुधी जानेवारी-फेब्रुवारीत लावतात, एवढं वाचून मी बियाणं निवडलं ते राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या 'सम्राट' वाणाचं. नाव वाचूनच भारावलो होतो. हा वेल मांडवावर चढवावा, म्हणजे फळं सरळ लोंबतात, असं सांगतात. माझ्याकडे मांडव नव्हता. रंगाची रिकामी बादली होती. तिच्या बुडाला मी तापवलेल्या कालथ्याने भोकं पाडली (कालथा नवा घ्यावा लागला), माती-शेणखत भरलं, रात्रभर भिजवलेलं बी टोचलं आणि महाशिवरात्रीला सम्राटांचा राज्याभिषेक केला.

पाडव्यापर्यंत महाराज सायकलवर स्वार झाले होते. इतक्या वर्षांत त्या सायकलवर मनापासून चढलेला तो पहिलाच. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी त्याचे तणावे बघत बसे. दोऱ्याएवढा हिरवा तणावा आधी हवेत चाचपडतो, कशाला टेकला की टोकाशी वळतो आणि मग अख्खा स्प्रिंगसारखा पिळून घेतो. एके दिवशी असा एक तणावा वाळत घातलेल्या इरकलीच्या काठाला धरून बसलेला सापडला. साडी सोडवायची की वेल, असा प्रश्न माझ्याच मनात आला. घरात दुसऱ्या कोणाच्या मनात तो आला नाही.

मग फुलं आली. पांढरीशुभ्र, संध्याकाळी उमलणारी, सकाळी माना टाकणारी. आणि एकजात नर! मादी फूल लगेच ओळखू येतं, कारण त्याच्या बुडाशी बोटाच्या पेराएवढा लवदार दुधी आधीच असतो. नराला नुसता लांब देठ. दिवस मोठे आणि ऊन कडक झालं की या कुळात नर फुलांची चंगळ होते, हे मला नंतर कळलं. उपाय म्हणून इंटरनेटवरच्या एका माळीबुवांनी 'थ्री-जी कटिंग' सांगितलं: मुख्य वेलाचा शेंडा खुडा, मग फुटव्याचा शेंडा खुडा, तिसऱ्या पिढीच्या फांद्यांवर मादी फुलं जास्त येतात. आमच्या इमारतीत फाइव्ह-जी येऊन जुनं झालं, आणि मी कात्री घेऊन थ्री-जीच्या मागे.

मादी फूल अखेर आलं, पण गॅलरीच्या कठड्याबाहेर, वरच्या दिशेने. तिसऱ्या मजल्यावर रात्री पतंग किंवा माश्या येतील याचा भरवसा नव्हता, म्हणून हे कार्य मीच पार पाडायचं ठरवलं. रात्री आठ वाजता तोंडात टॉर्च धरून, एका हाताने गज पकडून, दुसऱ्या हातात पाकळ्या काढलेलं नर फूल घेऊन मी बाहेर झुकलो. त्याचे पिवळे परागकण मादी फुलाच्या मधोमधच्या कुक्षीवर हलकेच फिरवायचे असतात. हलकेच! त्याच क्षणी खालून वॉचमनने शिट्टी मारली आणि वरून आवाज आला, "अरे, काय करतोयस?"

वरच्या काकू. निवृत्त गणित शिक्षिका. तोंडात टॉर्च असल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही, आणि देता आलं असतं तरी काय दिलं असतं?

काकूंना प्रकार समजला तेव्हा त्या प्रसन्न झाल्या. गणिताचे प्राध्यापक असलेल्या श्री. अ. दाभोलकरांनी 'प्रयोग परिवार' उभा करून पानावर पडणाऱ्या उन्हाचा कसा हिशेब मांडला, हे त्यांनी मला जिन्यात उभं करून ऐकवलं. "ऊन तुझ्याकडे किती वेळ येतं?" मी म्हटलं, सकाळी येतं. "किती ते विचारलं मी." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वेलाच्या शेंड्याला आपल्या ग्रिलमधून सुतळी सोडली. सम्राटांनी साम्राज्याचा विस्तार वरच्या मजल्यावर केला आणि माझा तो फलित दुधी काकूंच्या ग्रिलच्या आत लोंबू लागला.

आता मालकी कोणाची? काकूंचं म्हणणं, फळ त्यांच्या हद्दीत आणि ऊनही त्यांचं. माझं म्हणणं, बी आणि बादली माझी, शिवाय वेलाच्या विवाहात मी उपस्थित होतो. इतक्यात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आले. बादलीतून झिरपलेल्या पाण्याने त्यांच्या गॅलरीच्या छताला ओल आली होती. ते रागावलेले होते, पण दुधी बघून थोडे विरघळले आणि "नुकसानभरपाईदाखल काहीतरी व्हायला हवं" म्हणाले. आमच्या घरात दुधीची भाजी कोणी खात नाही, ही माहिती मी त्या वाटाघाटींत बाहेर येऊ दिली नाही.

दोनेक आठवड्यांत फळ तयार झालं. काकूंनी नख रुतवून बघितलं. सहज रुतलं, म्हणजे कोवळा. त्यांनी तो कापून, टोपलीत घालून सुतळीने खाली सोडला आणि सोबत सूचना सोडली: "आधी कच्ची फोड चाखून बघ. कडू दुधी विषारी असतो. पाण्याचा ताण पडला, ऊन जास्त लागलं की कडवटपणा वाढतो."

हे खरं आहे. दुधीतलं कुकुर्बिटासिन वाढलं की उलट्या-जुलाब होतात, माणसं दगावलीसुद्धा आहेत. आणि एप्रिलच्या त्या भट्टीत मी मधले काही दिवस पाणी घालायला विसरलो होतो, हे बायकोने सर्वांसमक्ष सांगितलं.

मी विचारलं, "कोण चाखतंय?"

वाटाघाटी तत्काळ संपल्या. काकू म्हणाल्या, "बी तुझं, बादली तुझी." खालचे गृहस्थ म्हणाले, "छे छे, आमचा कसला हक्क? थोडी ओल तर आहे." बायकोने विळीवर नखाएवढी फोड कापली, माझ्या हातावर ठेवली आणि शेजारी तांब्या ठेवला. बेसिनचा रस्ता मोकळा करण्यात आला.

मी जिभेवर ठेवली. चावली. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, काकू ग्रिलमधून.

"कडू आहे?"

"नाही."

"मग कसा आहे?"

"दुधीसारखा. काहीच लागत नाही."

"मग अर्धा वर पाठव," काकू म्हणाल्या. "हलव्याला साखर माझी."

"आणि पाव खाली," गृहस्थ म्हणाले. "ओल बरीच आहे हो."