नानांचे 246 सूर

आमच्या डोक्यावर राहणाऱ्या नानांना अ‍ॅकॉर्डियन वाजवता येतं की नाही, हे सोसायटीत कुणालाच ठाऊक नाही. ते दुरुस्त करता येतं का, हेही अजून सिद्ध व्हायचंय. मात्र गेलं दीड वर्ष ते दुरुस्त करताहेत, एवढं आम्ही छातीठोकपणे सांगू शकतो. रोज दुपारी दोन ते चार वरून एकच सूर येतो. आज जो येतो, तोच उद्याही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर एका रविवारी नाना जुन्या बाजारात नळाचा वॉशर आणायला गेले आणि 120 बटणांचा अ‍ॅकॉर्डियन गळ्यात अडकवून परतले. नळ अजून गळतोय. कुणी चौकशी केली की नाना थेट 1829 सालच्या व्हिएन्नापासून सुरुवात करतात, तिथे या वाद्याचं पेटंट घेतलं गेलं म्हणून. मग ‘रूप तेरा मस्ताना’ आणि त्यात अ‍ॅकॉर्डियन वाजवणारे केरसी लॉर्ड. गॅस सिलिंडरवाल्यालाही आता हे पाठ आहे.

“हे बघ,” एकदा मला बसवून ते म्हणाले, “उजव्या हाताला 41 पट्ट्या. प्रत्येकीला तीन सूर. भाता उघडताना वाजणारी रीड वेगळी, मिटताना वाजणारी वेगळी. किती झाल्या?”

“दोनशे शेहेचाळीस.”

“डाव्या हाताचं अजून धरलंच नाही!” हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर व्याजदर वाढल्यासारखं समाधान होतं.

या 246 रीड्सची एक वही आहे. तारीख, आधीचा सूर, नंतरचा सूर, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ‘कुरकुरतो’, ‘दमेकरी’ असं काहीबाही असतं. एका ठिकाणी मी स्वतः वाचलंय : ‘ही म्हणते बरा आहे. पुन्हा तपासणे.’

काम खरोखरच नाजूक, हे मान्य केलं पाहिजे. रीडच्या पोलादी जिभेखाली पातळ पत्रा सरकवायचा आणि हलक्या हाताने खरवडायचं. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. नाना आधी टोकाशी खरवडतात. सूर जरा जास्तच चढतो. मग मुळाशी खरवडतात. तो जरा जास्तच उतरतो. चार दिवसांनी सूर जिथल्या तिथे असतो, रीड मात्र सुकलेली. शिवाय बाहेर काढलेली रीड एक बोलते, आत बसवल्यावर दुसरंच. म्हणून प्रत्येक खरवडीनंतर ती परत आत बसवून, भाता ओढून ऐकायची. आमची दुपार ती हीच.

रीडच्या पट्ट्या मेणात बसवलेल्या असतात. जुनं मेण वाळून तडकलं, तेव्हा नानांनी मधाच्या पोळ्याचं मेण आणि राळ आणून फोडणीच्या पळीत वितळवली. पुढे आठवडाभर त्यांच्या आमटीला देवळातला वास येत होता. रीडवरच्या चामडी झडपा वाकल्या, तेव्हा नानींची माहेरची पर्स कामी आली. नानींना हे लग्नाला जाताना कळलं.

अखेर गाडी पट्टीच्या तीन सुरांपैकी मधल्या सप्तकातल्या दोन सुरांपाशी येऊन अडली. हे दोन सूर अगदी एक लावायचे नसतात. एक किंचित चढा ठेवला की दोघांच्या भांडणातून आवाजाला ती थरथर येते आणि अ‍ॅकॉर्डियन अ‍ॅकॉर्डियनसारखा वाटतो. ही थरथर नेमकी किती हवी, यावर नानांनी चार महिने घालवले. तंबोऱ्याची तार जुळवताना गवई डोळे मिटतात तसे डोळे मिटून ते आम्हाला समजावत होते. भजनी मंडळात वीस वर्षं पेटी धरणाऱ्या नानी भाजी निवडत ऐकत होत्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “म्हणजे मुद्दाम थोडं बेसूर करायचं ना? मग बाजारातून आणलं तेव्हा काय वाईट होतं?”

त्यानंतर दोन दिवस वरून आवाज नाही. आम्हाला दुपारी झोप लागेना.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. नाना जुन्या बाजारात जाऊन आणखी एक अ‍ॅकॉर्डियन घेऊन आले. त्याचा भाता कोपऱ्यात फाटलाय, अर्ध्या पट्ट्या बसल्यात आणि तो पहिल्याला सुटे भाग पुरवण्यापुरताच आणलाय, असं त्यांचं म्हणणं. वहीत नवं पान उघडलंय.

काल संध्याकाळी ते आमच्याकडे फोडणीची पळी मागायला आले होते. ती लपवून ठेवा, असा नानींचा फोन त्याआधीच येऊन गेला होता.