जावई, झिंक आणि झाशी

बायकोचं माहेर झाशीचं. हे ऐकून लोक माझ्याकडे आदराने बघतात. तो आदर कशाबद्दल, हे मे महिन्यात सासरी गेल्यावर कळतं. पारा ४५ अंशांवर आणि सासूबाई निवांत सांगतात, "अजून लू कुठे चाललीय, जावईबापू?"

यंदा बरोबर चार वर्षांची लेक होती आणि मेव्हणीचं पाच महिन्यांचं बाळ आधीच मुक्कामाला होतं. पोरांना किल्ला दाखवायचा, तर आधी सनस्क्रीन हवं. सदर बाजारातल्या दुकानदाराने काउंटरवर ट्यूबांची रांग मांडली. लेकीने अस्वलाचं चित्र बघून निवड केली. मागचा मुंगीएवढा मजकूर वाचायचं काम माझ्याकडे आलं. या ट्यूबेत सुगंध घातलाय, नको. हा फवारा नाकातोंडात जाणार, नको. आता आकडा. माझ्यातला पुणेकर म्हणाला, पैसे मोजायचेच तर मोठा आकडा घे. पण ३० एसपीएफवालं त्वचा पोळणारे किरण साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० वालं ९८! आकडा एवढा फुगूनही हाताला एकच टक्का लागावा, हे मी आजवर फक्त फ्लॅटच्या बिल्टअप एरियात पाहिलं होतं.

शेवटी झिंक ऑक्साइडवालं घेतलं. ते कातडीत न मुरता वर बसून राहतं आणि नाजूक त्वचेला सहसा झोंबत नाही. घरी येऊन उत्साहाने आधी बाळाकडे वळलो, तर मेव्हणीने हात धरला. "भाऊजी, डॉक्टर म्हणालेत, सहा महिन्यांच्या आत काही फासायचं नाही. सावलीत ठेवायचं." बाळ सुटलं, लेक सापडली.

झिंक वर बसतं म्हणजे काय, ते मग दिसलं. चोळचोळ चोळूनही पोर पेणच्या कारखान्यातल्या रंग न दिलेल्या गणपतीसारखी दिसत होती. सासूबाई बाहेर आल्या. "अगंबाई, पोरीला चुना कोणी लावला?" चुना सहाशे रुपयांचा होता आणि तो मला लागला होता. कारण चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम हे खरं माप. म्हणजे उघडे हातपाय आणि तोंड धरून खेपेला चार-पाच ग्रॅम. वर दर दोन तासांनी पुन्हा. पन्नास ग्रॅमची ट्यूब तीन दिवस टिकली तर नशीब!

सासऱ्यांनी गुपचूप तिच्या फ्रॉकच्या खिशात कांदा सरकवला. विज्ञान कांद्याच्या बाजूने नाही, पण सासऱ्यांपुढे तोंड उघडावं इतकं ते माझ्याही बाजूने नव्हतं.

या सगळ्यात अकरा वाजले. किल्ल्यावर पोचलो तेव्हा आमच्या सावल्या पायाखाली लपायच्या बेतात होत्या. 'कडक बिजली' तोफेला मी कौतुकाने हात लावला आणि नावाची प्रचीती आली. पुढे उडीची जागा. १८५८ चा एप्रिल, इंग्रजांचा वेढा, आठ वर्षांच्या दामोदरला पाठीशी बांधून राणीने इथून घोड्यासकट उडी घेतली असं सांगतात, ते मी रंगवून सांगितलं. घामाने पांढरे ओघळ आलेली लेक गंभीरपणे ऐकत होती.

"बाबा, दामोदरच्या आईने त्याला क्रीम लावलं होतं?"

मी घसा खाकरला. सासऱ्यांनी गमछ्याने मान पुसली आणि नातीला उत्तर दिलं, बघत मात्र माझ्याकडे होते.

"नाही गं बाई. राणीसाहेब लेकराला घेऊन रात्री निघाल्या होत्या."