आळेफाट्याचा हॅड्रियन

आळेफाट्याला माणूस उतरतो तो दुसरी गाडी पकडायला. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते इथं एकमेकांना छेदतात, त्यामुळे मुक्कामाच्या इराद्यानं सहसा कोणी येत नाही. मी मात्र निवृत्तीनंतर इथूनच रोमला जायचं ठरवलं, पुस्तकांच्या वाटेनं.

सुरुवात ग्रीक मुळाक्षरांनी केली. एकूण चोवीस. गणिताचा मास्तर असल्यामुळे अल्फा, बीटा, थीटा, पाय ही मंडळी जुन्या ओळखीची. सकाळी मोठ्यानं घोकत बसलो की सौ. पोळी लाटता लाटता म्हणायची, "माउलींनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आपल्या आळे गावातच आहे. तुम्हालाही येईल ग्रीक. धीर धरा."

ग्रीक आलं नाही. इतिहास मात्र चिकटला, आणि त्याला कारण 'पेरिप्लस'. पहिल्या शतकातल्या कुणा ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं लिहिलेलं हे समुद्रप्रवासाचं टिपण. त्यात भडोच, सोपारा, कल्याण, पैठण, तेर सगळे भेटतात. कल्याणचा माल नाणेघाट चढून जुन्नरला यायचा, तिथून पुढं पैठणला. घाटातला दगडी रांजण लोक आजही जकातीचा म्हणून दाखवतात. म्हणजे आपला जुन्नर तालुका रोमच्या व्यापाराच्या वाटेवर! एवढी बातमी पोटात राहणं शक्यच नव्हतं. स्टँडजवळच्या टपरीवर मी व्याख्यानं सुरू केली. आयातीच्या यादीत दारू होती आणि त्यातही इटलीची जास्त खपायची, एवढं ऐकल्यावर श्रोते पहिल्यांदा जागे झाले. मग मी प्लिनी काढला. भारत दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी त्या रोमन विद्वानाची कुरकुर. "एवढा पैसा गेला कुठं? आपल्याच कुणाच्या तरी वावरात असणार," असं मी वर जोडलं. हे वाक्य प्लिनीचं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी एक कांदेवाले शेतकरी रुमालात नाणं बांधून हजर. मातीनं अक्षरं बुजलेली, पण चेहरा स्पष्ट. डोक्यावर मुकुट नाही, भरगच्च दाढी. मी चष्मा पुसला. रोमन सम्राटांत दाढी राखायची रीत पाडली ती हॅड्रियननं, इ.स. 117 ते 138. "हॅड्रियन!" मी जाहीर केलं. टपरीवाल्यानं सगळ्यांना चहा दिला, माझ्या खात्यावर.

मंडळी मला मिरवतच सराफाकडे घेऊन गेली. त्यानं नाणं चिंचेच्या पाण्यात टाकलं, ब्रश फिरवला आणि मान वर न करता म्हणाला, "सातवा एडवर्ड. चांदीचा रुपया. मोडायचाय का?" नावापुढचा सात तेवढा रोमन आकड्यात होता.

अब्रू सावरायला मी सगळ्यांना शिवनेरीच्या लेण्यांकडे नेलं. तिथला यवनाचा, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडच्या परदेशी माणसाचा, ब्राह्मी लेख अस्सल आहे. धाप लागलेल्या आवाजात मी अर्थ सांगितला: गतांपैकी यवन इरिल याचं दान, दोन पाण्याची टाकी.

"एवढंच?" कांदेवाले म्हणाले. "आमच्या पाणीयोजनेच्या टाकीवर तर अख्खी पंचायत आहे."

हे 'गत' म्हणजे युरोपातले गॉथ असावेत असंही एका विद्वानानं सुचवलं होतं. इ.स. 410 मध्ये रोम लुटलं ते गॉथांनीच. रोम लुटणाऱ्यांच्या भाऊबंदानं जुन्नरला पाण्याची सोय केली, हा मुद्दा माझ्या अगदी जिभेवर आला होता. पण खाली उतरायला गाडी त्यांची होती.

जुन्नरच्या लेण्यांत यवनांचे असे तीन दानलेख आहेत. दुसऱ्यानं संघाला भोजनमंडप दिला, तिसऱ्याचा लेख मानमोडीला आहे. जरूर बघा. जाताना पाण्याची बाटली सोबत न्या आणि दाढीवालं नाणं सापडलं तर थेट सराफाकडे जा.