दाजींचं एकच जेवण

आमच्या दाजींनी आजवर जेवणं हजारो केली असतील, पण सांगतात ते एकच. लग्नाची पंगत असो, तेराव्याचं जेवण असो, नाहीतर गंजगोलाईजवळच्या उडप्याकडची इडली, दोन घास पोटात गेले की दाजी हात थांबवतात, समोरच्याच्या ताटाकडं जरा कीव आल्यासारखं बघतात आणि विचारतात, "तुला काचीगुड्याचं सांगितलंय का न्हाई?" सांगितलेलं असतंच. तसं म्हणून सुटका होत नाही. "मग पुन्हा ऐक की. कुठं गाडी सुटायलीय तुझी?"

लातूर वेगळा जिल्हा झाला 1982 साली. ही गोष्ट त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली. नवं लग्न. आमच्या भागात तेव्हा हनिमून म्हणजे बालाजी; देवाला जायचं म्हटल्यावर थोरामोठ्यांची हरकत नसायची. अक्का माहेरची नांदेडची, म्हणून गाडीही नांदेडहूनच धरली. मनमाड-काचीगुडा मीटरगेज. मुदखेड, धर्माबाद, बासर, निजामाबाद करत जोडपं हैदराबादेत उतरलं, चारमिनार आणि सालारजंग म्युझियम पालथं घातलं आणि रात्रीच्या गाडीआधी स्टेशनाजवळच्या एका हॉटेलात शिरलं.

हॉटेलाचं नाव दाजींना आठवत नाही. "श्रीनं सुरू व्हायचं अन् विलासनं संपायचं. मधलं इसरलो." ताटाचा दर मात्र पक्का आठवतो, फक्त दर वेळी वेगळा. मी शाळेत होतो तेव्हा ते ताट सहा रुपयाला होतं, परवा ऐकलं तर अडीचवर आलं होतं. महागाई वाढेल तसं ते जेवण स्वस्त होत चाललंय.

केळीचं पान आलं. दाजींनी शेजारच्याचं बघून त्यावर पाणी शिंपडलं, तळहातानं निपटलं. मग भाताचा ढीग पडला. पोळीचा पत्ता नाही. "भाकरी नै क्या?" दाजींनी विचारलं. वाढप्यानं उत्तर म्हणून अजून भात घातला. मागून पप्पू आला, म्हणजे आपलं घट्ट वरण. दाजी अडतीवर मुनीम. डाळ दिसली की ती बोटांत चिरडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. हॉटेलातसुद्धा ते सांबारातली डाळ चिमटीत धरून "ही तूर आपल्याकडची न्हाई" असा निकाल देतात. काचीगुड्याची तूर मात्र लातूरचीच होती, हे त्यांनी त्या रात्रीच ठरवून टाकलंय. तिथल्या चवीचं अर्धं श्रेय अशा रीतीनं आपल्या मोंढ्याला मिळतं.

आणि मग ती पूड आली. पानाच्या कोपऱ्यात लालभडक चमचाभर पोडी. वाढप्या तुपाचं भांडं घेऊन उभा. पोडी, गरम भात आणि वर तुपाची धार, अशी खायची रीत. दाजींनी हात आडवा धरला. "धर्माबादच्या मिरचीवर वाढलेला माणूस हाय मी." धर्माबाद खरं तर सासुरवाडीच्या जिल्ह्यातलं, पण नव्या जावयाला सगळा जिल्हाच आपला वाटतो. भाताला पोडी माखून त्यांनी कोरडाच मोठा घास घेतला. गुंटूरच्या मिरचीला जावयाचा मान वगैरे ठाऊक नसतो. कान लाल झाले, उचकी लागली, आवाज गेला. पाणी हवं म्हणून ते हातवारे करायला लागले, आणि वाढप्या, माणूस भला, अजून भात घालून गेला.

दिवसभर पदराआडून मान वर न केलेल्या अक्कानं तेव्हा आपली दह्याची वाटी त्यांच्या पानावर पालथी केली. "आधी दही खावा," ती म्हणाली. चार माणसांत नवऱ्याशी ती बोललेली ही पहिली गोष्ट.

दाजींच्या सांगण्यात हा प्रसंग एवढाच उरतो: "डोळ्याला पाणी आलं, पण चवीनं."

"चवीनं नाकातनं पण आलं," स्वयंपाकघरातून अक्का.

तिनं तिथं गोंगुऱ्याचं लोणचं बोटावर घेऊन, ही तर आपली अंबाडी, असं लगेच ओळखलं होतं. दाजींना ते आजही मान्य नाही. "त्यांची येगळी." घरी ज्वारीच्या भाकरीसोबत लसणाची फोडणी दिलेली अंबाडी आली की ते नाक मुरडतात, आणि हैदराबादला कुणी निघालं की त्याच्या हाती गोंगुऱ्याची बरणी मागवतात. अक्का ती बरणी काही न बोलता फळीवर मागं सरकवते.

असा एक माणूस घरोघर असतो. कुणाचं काचीगुडं असतं, कुणाचं म्हैसूर. फरक एवढाच, की बाकीच्यांना सांगून सांगून कंटाळा येतो.

यंदा भाचीचं लग्न झालं. नवरानवरी तिरुपतीला निघाली तेव्हा दाजींनी जावयाला बाजूला घेतलं, स्वतःच्या हातानं लिहिलेली चिठ्ठी दिली: काचीगुड्याला उतरा, नावात श्री आणि विलास असलेलं हॉटेल शोधा, पोडीवर तूप घ्या, पोट भरलं की पान आपल्याकडं दुमडा, नाहीतर वाढतच राहतात. जावई पुण्यात संगणकावर काम करणारा, भला मुलगा. त्यानं चिठ्ठी खिशात घातली. रात्री हैदराबादेतून त्यानं जेवणाचा फोटो पाठवला. पिझ्झा होता. दाजींनी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकवून पाहिला आणि म्हणाले, "ते समदं ठीक हाय. पान कुठाय?"