काहूनराव

पुण्याकडची मुलं ‘का?’ विचारतात. ‘असंच’ म्हटलं की तो ‘का’ मिटतो. आमच्या वर्ध्यात ‘काहून’ विचारतात आणि तो असा मिटत नाही. ‘काहून’ विचारणारा माणूस ओट्यावर मांडी घालून बसलेला असतो. उत्तर मिळेपर्यंत तो चहासुद्धा तिथेच मागवतो.

आमच्या गल्लीत असा एक काहूनराव आहे. गल्लोगल्ली असतो, आमचा जरा ठळक आहे, एवढंच. वय एकवीस, शिक्षण पुण्याला इंजिनिअरिंग. पहिल्या सेमिस्टरला निघाला तेव्हा आजीनं हातावर दही ठेवलं होतं आणि पोट्टा घरातल्या सगळ्यांच्या, त्यात नजरचुकीनं माझ्याही, पाया पडून गेला होता. चौथ्या सेमिस्टरनंतर सेवाग्राम स्टेशनवर उतरला तो दाढी आणि ‘काहून’ घेऊन. पोळा ते महालक्ष्म्या हा त्याचा हंगाम. या दिवसांत विदर्भात इतके सणवार असतात की विचारणाऱ्याला एक दिवस सुट्टी मिळत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावायचं आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण द्यायचं. काहूनरावांचे वडील लोणी घेऊन बैलाजवळ उभे, तर हे म्हणाले, “बाबा, वावर तर ट्रॅक्टरनं वाहिलं. मंग मान बैलाले काहून?”

वडील शेतकरी माणूस, वादात वेळ घालवत नाहीत. लोण्याची वाटी मुलाच्या हातात देऊन म्हणाले, “बरोबर आहे. लाव ट्रॅक्टरच्या खांद्याले. खांदा सापडला की सांग.”

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आमच्या जिल्ह्यात त्याचं भलतं कौतुक. सिंदी रेल्वेला तर माणसाहून उंच लाकडी नंदी मिरवतात. पोरं आपापले लाकडी बैल घेऊन घरोघरी फिरतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. काहूनराव भाच्याचा नंदी दोरीनं ओढत माझ्या दारात हजर. मी म्हटलं, “काहो, तुमचा तर विश्वास नाही?” म्हणाला, “काका, बोजारा हा धर्म नाही. बोजारा ही अर्थव्यवस्था आहे.” मी वीस रुपये दिले. त्यानं क्यूआर कोड दाखवून पन्नास घेतले.

त्याच्या आजीशी मात्र त्याचं गणित जमत नाही. एकदा तो तिला मोटारसायकलवर बसवून गिरडला घेऊन गेला. समुद्रपूर तालुक्यातल्या या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे, हिंदू-मुसलमान सगळे जातात. टेकडीवर गोल गोल गोटे सापडतात. जुनी गोष्ट अशी की फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली आणि त्यांचा सगळा माल दगड झाला. हे गोटे म्हणजे तो माल. इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्येही ही गोष्ट आहे आणि तिथेच हे गोटे झिओलाईटचे असल्याचंही लिहून ठेवलं आहे. काहूनरावांनी मोबाईलवर वाचून दाखवलं, “आजी, हे झिओलाईट होय. लाव्हारसाच्या दगडात पोकळ्या राहतात, त्यात पाणी झिरपून हे तयार होते. कोणी शाप-बिप देल्ला नाही.”

आजीनं गोटा हातात फिरवून पाहिला. “असंन बापा. पण आपल्या वावरातबी काळाच दगड आहे. मंग हे गोटे इथंच काहून झाले?”

काहूनराव टेकडी उतरेपर्यंत नेटवर्क शोधत होता. आपलंच हत्यार आपल्यावर चालवलेलं त्यानं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पण त्याचा खरा घात केला आबाजींनी, म्हणजे आजोबांनी. बंडखोराला विरोध लागतो. कोणी ओरडलं, ताट भिरकावलं, घराबाहेर काढतो म्हटलं, तर त्याचा उत्साह टिकतो. आबाजींनी आयुष्यभर खादी घातली आणि तरुणपणी पवनारला विनोबांच्या आश्रमात खड्डे खणले. वडील वारले तेव्हा गावजेवणाची तेरवी न घालता तेच पैसे शाळेच्या पत्र्यांना दिले. त्यावरून भाऊबंद आठ वर्षं बोलत नव्हते. अशा माणसासमोर नातू एका संध्याकाळी छाती पुढे काढून म्हणाला, “आबाजी, मी देव मानत नाही.”

“बरं,” आबाजी म्हणाले. “दूध आणलं का?”

काहूनरावाचा चेहरा उतरला. त्याला किमान एक हार्ट अटॅक अपेक्षित होता.

मग आबाजींनी त्याला जवळ बसवून जे सांगितलं, त्यानं तर पोराचं उरलंसुरलं बंडही गेलं. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर, बजाजांचं घरचं देऊळ. जमनालालजींनी 1928 साली ते दलितांसाठी खुलं केलं तेव्हा त्यांच्याच समाजातल्या किती लोकांनी ‘काहून’ विचारलं असेल! गांधीजी 1936 मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. त्यांचं टपाल गजानन महाराजांच्या शेगावला जायचं, म्हणून पुढे गावाचं नावच सेवाग्राम केलं. आणि याच सेवाग्रामात गोरा नावाचा आंध्रचा एक पक्का नास्तिक गांधीजींकडे येऊन मुक्काम करत होता. गोरा म्हणजे गोपराजू रामचंद्र राव. वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक, पण देव नाही म्हणतात म्हणून नोकऱ्या गेलेल्या. त्यांच्या मुलीचं लग्न दलित घरातल्या मुलाशी ठरलं. ते आश्रमात लावायचं आणि विधीत देवाच्या जागी सत्याचं नाव घ्यायचं, हे रोज प्रार्थना करणाऱ्या गांधीजींनी मान्य केलं होतं. जानेवारी 1948 मध्ये गांधीजींचा खून झाला. तरी दोन महिन्यांत लग्न ठरल्याप्रमाणे सेवाग्रामलाच लागलं.

“म्हणून सांगतो,” आबाजी म्हणाले, “काहून इचारणं हा आपल्या जिल्ह्याचा कुळाचार होय. तू घराणं राखलं.”

काहूनराव त्या रात्री जेवला नाही. परंपरा मोडायला निघालेल्या माणसाला तू परंपरा चालवतोस म्हणणं, ही फार क्रूर शिक्षा आहे. मला त्याची दया आली. चार सेमिस्टर पुण्याच्या हॉस्टेलात वाढवलेली नास्तिकता, आणि घरी आल्यावर तीही आजोबांचे जुने कपडे उसवून शिवलेली निघाली!

इथवर हे सगळं गमतीचं चाललं होतं. गंमत थांबली ती गेल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या दिवशी, त्याच्या बारावीतल्या बहिणीमुळे.

ही पोट्टी फार बोलत नाही. वर्षाकाठी एखादाच ‘काहून’ काढते. घरात सोळा भाज्या, पुरण, आंबील यांची धांदल होती आणि तिला नेमकी अडचण आलेली. ती मागच्या खोलीत वेगळ्या चटईवर बसली होती. तिथूनच म्हणाली, “महालक्ष्म्या बायाच ना? त्यांले पातळ नेसवते ते बाया, सयपाक करते ते बाया. मंग मी बाईपणाच्याच पायी दूर काहून?”

घर गप्प झालं. वडील फुलं आणायला गेले. फुलं घरात आलेली होती. सगळ्यांनी काहूनरावाकडे पाहिलं, कारण हा विषय त्याचा. तर तो मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेला. मी त्या घरात पुरणाचा वास घेत बसलो होतो, म्हणून खात्रीनं सांगतो. त्याच्या सगळ्या ‘काहून’ना एक सोय होती, उत्तर काहीही आलं तरी त्याला उठावं लागत नव्हतं. बैल, गोटे, बोजारा, कशातच त्याचं काही जात नव्हतं. बहिणीच्या प्रश्नात मात्र उठून उभं राहावं लागत होतं.

तिनं दुसरा टाकला. “अन् दादा, तू मानत नाहीस तर खातोस काहून? खातोस तर चिरत काहून नाहीस?”

शेवटी आई चुलीजवळूनच म्हणाली, “हात धू अन् ये. आंबील ढवळ. खाली लागून राह्यली.”

पोरगी आली आणि आंबील ढवळू लागली. सगळ्यांचे डोळे आजीकडे. आजीनं पदर सावरला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, “मले आताशा दिसत नाही बापा कोण काय करते ते.”

आजीच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्याच्या आदल्याच वर्षी झालं होतं. ती सुईत दोरा स्वतः ओवते.

यंदाच्या महालक्ष्म्या होऊन आता आठ दिवस झाले. सोळाच्या सोळा भाज्या काहूनरावानं चिरल्या. भोपळा जाड राहिला होता आणि त्याच्या डाव्या अंगठ्याला अजून पट्टी आहे.