फुकटचा वारा

मोटारसायकल चालवण्यात मजा काय, असं विचारलं की पुण्या-मुंबईचे लोक म्हणतात, स्वातंत्र्य! मोकळा रस्ता! बीड जिल्ह्यात आम्ही एवढे तत्त्वज्ञ नाही. अहमदनगर-बीड-परळी रेल्वेमार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला; बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ला. मधली तीस वर्षं आम्ही फटफटीवर काढली. कायद्यानं मागं एकच माणूस बसतो. आमच्या मागं बायको, पुढं टाकीवर पोरगं, मध्ये पेंडीचं पोतं अन् हँडलला दुधाची किटली. (हेल्मेट घरी खुंटीला, अगदी सुरक्षित.) मांजरसुंब्याचा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद केलं की जो वारा लागतो, तो मात्र खरंच फुकट. आता रेल्वे आली, चांगलंच झालं. स्टेशनला जायला गाडीच काढावी लागते.