आडर करा

देवगडच्या मामाला मी वेबसाइट करून दिली, त्याला तीन वर्षं झाली. अजून दर अक्षय्य तृतीयेला घरात तो विषय निघतो आणि मला पाणी प्यायला स्वयंपाकघरात जावं लागतं.

पोटासाठी मी पुण्यात वेबसाइटच करतो. या धंद्यात आलेली प्रत्येक फॅशन मी अंगावर काढली आहे. २०१३ साली ॲपलने आयफोनवरची फुगीर बटणं सपाट केली, तेव्हा मीही गिऱ्हाइकांची सगळी बटणं इस्त्री करून टाकली. बटण कुठलं आणि नुसता मजकूर कुठला, हे पुढे दोन महिने कुणालाच कळत नव्हतं. मलाही.

मामाचं काम फुकटातलं. फुकटातल्या गिऱ्हाइकाला तोंड नसतं, म्हणून राहिलेली सगळी हौस मी तिथे भागवून घेतली. पांढऱ्याशुभ्र पानावर फिक्या राखाडी रंगाची बारीक अक्षरं. मजकूर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक निदान साडेचारास एक असावा, हा नियम मी नव्या पोरांना शिकवतो. माझा अडीचही भरत नव्हता.

मामाने साइट उघडली ती एप्रिलच्या भर दुपारी, खळ्यात पेट्यांमध्ये गवत भरता भरता. फोन उन्हात धरला, चष्मा वर केला, खाली केला.

"कोरो कागद दाखवतंस काय रे?"

त्याला सावलीत नेलं. आता अक्षरं दिसली, पण त्याचं बोट कोपऱ्यात अडलं. "ह्यो तीन काड्यो कित्याक?"

मी रंगात येऊन सांगितलं, की ही खूण १९८१ सालची, झेरॉक्सच्या स्टार नावाच्या कंप्युटरसाठी नॉर्म कॉक्स यांनी काढलेली. तीन रेघा म्हणजे यादी. मामाने शांतपणे आंब्यांचा पुढचा थर लावला. "मगे 'यादी' असा लिवक काय झाला?"

याला उत्तर नव्हतं. अजून नाही.

खरी गंमत फोन नंबरची. तो मी पानाच्या तळाशी ठेवला होता, आणि पानाला तळच ठेवला नव्हता. खाली सरकवावं तसे नवे आंबे येत राहायचे. ही न संपणारी पानं २००६ साली शोधून काढणाऱ्या आझा रास्किन यांनी पुढे त्याबद्दल जाहीर पश्चात्ताप केला; मी तो वाचला होता, तरीही केलं. त्यात माझ्याकडे फोटो फक्त अकरा. तेच फिरून फिरून यायचे. गिरगावातल्या मावशीने अर्धा तास बोट झिजवलं आणि मामाचा नंबर माझ्या आईकडून मिळवून त्याला फोन केला, "बाकी काहीही पाठव, पण तो देठाशी डाग पडलेला नको. मघापासून चौथ्यांदा पुढे करतोयस."

बटणाची उंची मी इंग्रजी अक्षरं मोजून बेतली होती. मराठीत आमचा अर्धा संसार शिरोरेषेच्या वर. त्यामुळे 'ऑर्डर करा'मधला चंद्र कापला गेला, रफार उडाला आणि हिरव्या पट्टीत उरलं 'आडर करा'. मला घाम फुटला. मामा मात्र पहिल्यांदाच खूश झाला. "ह्या बरोबर लिवलंस. आमी असाच म्हणतंव."

हंगामभरात साइटवरून एकच पेटी गेली. बटण चालतं का ते बघायला मीच दाबलेली. रद्द करायची सोय करायचं राहून गेलं होतं. पाचव्या दिवशी पाच डझनी पेटी पुण्यात दारात हजर. फळीवर काळ्या मार्करने, बोटभर जाड अक्षरांत, मामाचा फोन नंबर. आत गवतावर बिल. भाच्याला सूट नव्हती, आणि गाडीभाडं वेगळं लावलं होतं.